कारभाऱ्याची पारख : नागरी सेवेच्या अभ्यासक्रमाची कथा

नगरहून छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत, घोडेगांव म्हणून एक बाजारपेठेचें गांव आहे. शनिशिंगणापूरचा यात्रेकरू येथें वळतो, कांद्याचा व्यापारी येथें थांबतो, आणि जनावरांच्या बाजाराकरितां तर दूरदूरचे शेतकरी येथें येतात. ह्या बाजारांत जनावर घेणारा मनुष्य कसा वागतो तें पाहण्यासारखें असतें. तो बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून त्याची चाल पाहतो. म्हैस असेल तर कास पाहतो. बैलाचा आवाज गोड आहे कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. ज्याला जें काम करून घ्यावयाचें असतें त्याच्या अनुरोधानें त्याची पारख ठरते. म्हणूनच घेणारा काय तपाशीत आहे एवढें पाहिलें, कीं त्याच्या मनांत नांगर आहे, गाडी आहे कीं दूध आहे, हें दुरून पाहणाऱ्यालाहि न विचारतां कळतें.

राज्यसंस्थेची गोष्ट ह्याहून फारशी निराळी नाहीं. राज्य चालविण्यास माणसें लागतात. तीं कशीं निवडावीं हा प्रत्येक काळच्या राज्यकर्त्यांपुढील प्रश्न असतो. आणि स्पर्धापरीक्षेच्या युगांत ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या कागदावर लिहिलेलें असतें त्यालाच आपण अभ्यासक्रम म्हणतों. विद्यार्थी त्याकडे विषयांची यादी म्हणून पाहतो; इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांत राज्यकर्त्यांच्या मनांतील कारभाऱ्याचें चित्र दिसतें. कोणत्या विषयास किती गुण, कोणत्या वयापर्यंत मुभा, परीक्षा कोठें आणि कोणत्या भाषेंत, ह्या गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे तें चित्र पुरें होतें. आज घोडेगांवासारख्या गांवांतील तरुण हा कागद हातीं घेऊन पुण्याची वाट धरतात, आणि घरचीं माणसें त्यांच्यामागें आपली पुंजी लावतात. अशा वेळीं हा कागद कसा घडला आणि तो कसा वाचावा, हें जाणणें केवळ पंडितांच्या कुतूहलाचा विषय राहत नाहीं.

१

'उमेदवार' ह्या शब्दाचा इतिहासच ह्या बाबतींत मोठा बोलका आहे. आज परीक्षेस बसणाऱ्याला आपण उमेदवार म्हणतों. परंतु आपल्या आज्यापणज्यांच्या काळीं उमेदवार म्हणजे कचेरींत बिनपगारी बसून, मोडी कागदांच्या नकला करीत, पुढेंमागें जागा मिळेल ह्या उमेदीवर काम शिकणारा मुलगा. त्याला छापील अभ्यासक्रम नव्हता. वरिष्ठ कारकुनाचें वळण, दप्तराची रीत आणि हिशेबाचा ताळा हाच त्याचा अभ्यासक्रम. ह्या पद्धतींत एक मोठा गुण होता : जें काम पुढें करावयाचें तेंच तो शिकत असे. पण तिच्यांत एक तितकाच मोठा दोषहि होता. कचेरीच्या उंबऱ्याच्या आंत त्याला कोणीतरी घ्यावें लागे. आणि आंत घेणारा बहुधा सोयऱ्याधायऱ्यालाच घेई. नांगरामागचा मुलगा किंवा गांवकुसाबाहेरचा मुलगा त्या उंबऱ्यापर्यंत पोंचतच नसे.

ही वशिल्याची रीत केवळ आपल्याकडेच होती असें मात्र कोणी समजूं नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकऱ्या कंपनीच्या डायरेक्टरांच्या मर्जीनें वांटल्या जात. नेमलेल्या तरुणांस शिक्षण देण्याकरितां १८०६ मध्यें इंग्लंडांत कॉलेज निघालें, व १८०९ पासून तें हेलीबरी येथें चालूं लागलें. पण शिक्षण निवडीनंतरचें होतें. निवड ही ओळखीचीच होती. १८५३ च्या सनदी कायद्यानें डायरेक्टरांचा हा अधिकार काढून घेतला आणि उघड्या स्पर्धेचें तत्त्व मान्य केलें. तें तत्त्व अंमलांत कसें आणावें हें ठरविण्यास एक समिति नेमण्यांत आली. मेकॉले हा तिचा प्रमुख. लॉर्ड ॲशबर्टन, हेलीबरीचे प्राचार्य हेन्री मेलव्हिल, ऑक्सफर्डचे बेंजामिन जोवेट आणि जॉन शॉ-लेफेव्हर हे इतर सभासद. ह्या समितीनें १८५४ च्या अखेरीस आपला अहवाल दिला, आणि १८५५ सालीं लंडन येथें पहिली परीक्षा झाली. आजच्या सर्व स्पर्धापरीक्षांचें कुळ शोधीत गेलें तर तें ह्या अहवालापाशीं येऊन थांबतें.

२

समितीनें सुचविलेले गुण असे होते : इंग्रजी निबंध, इतिहास आणि वाङ्मय मिळून १५००, गणित १०००, ग्रीक ७५०, लॅटिन ७५०, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन प्रत्येकीं ३७५, सृष्टिशास्त्रें ५००, नीति, तर्क इत्यादि शास्त्रें ५००, संस्कृत ३७५, अरबी ३७५. एकूण बेरीज ६८७५. उमेदवारानें ह्यांपैकीं आपल्याला येतील ते विषय घ्यावे. सगळे घेण्याची सक्ति नाहीं. पुष्कळ विषय वरवर जाणण्यापेक्षां थोडे विषय खोल जाणणाऱ्यास अधिक यश मिळावें, असा समितीचा स्पष्ट कटाक्ष होता.

ही यादी प्रथम वाचणाऱ्यास नवल वाटतें. ज्या मनुष्यानें पुढें नेवासें तालुक्यांतील जमाबंदी पाहावयाची, त्याला ग्रीक नाटकें कशाला? जमीनमहसूल, हिंदुस्थानचा कायदा, मराठी किंवा गुजराती ह्यांचें तर ह्या यादींत नांवहि नाहीं! पण मेकॉलेचें म्हणणें निराळें होतें. विषय कोणता ह्यापेक्षां त्या विषयांत मनुष्य किती चमकला हें महत्त्वाचें, असें तो १८३३ पासून पार्लमेंटांत सांगत आला होता. विद्यापीठांत ग्रीकऐवजीं अमेरिकेंतील चेरोकी लोकांची भाषा शिकवीत असते, तर ती भाषा उत्तम जाणणारा तरुणच इतरांहून सरस निघाला असता, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. परीक्षा ही बुद्धीची आणि चिकाटीची. कामाचें ज्ञान निवडीनंतर देतां येईल. म्हणून हिंदुस्थानचा इतिहास, कायदा, अर्थव्यवहार आणि देशी भाषा हे विषय समितीनें निवड झालेल्या तरुणाच्या उमेदवारीच्या काळांत टाकले. थोडक्यांत सांगावयाचें तर, लॅटिन आधीं आलें पाहिजे, मराठी मागाहून आली तरी चालेल, असा तो क्रम होता.

समितीनें ह्या क्रमाचें आणखी एक कारण दिलें होतें, आणि आमच्या मतें तें सर्वांत महत्त्वाचें आहे. परीक्षेस बसणाऱ्यांपैकीं बहुतेक नापास व्हावयाचे, हें उघडच होतें. केवळ हिंदुस्थानांतच उपयोगी पडणारे विषय जर सर्वांनाच अभ्यासावयास लाविले, तर जे निवडले जाणार नाहींत त्यांचे श्रम फुकट जातील. म्हणून मायदेशांत राहून वकील, पाद्री किंवा शिक्षक होणाऱ्या सुशिक्षितासहि जें ज्ञान उपयोगी पडेल त्याचीच परीक्षा घ्यावी, असें समितीनें म्हटलें. नापास होणाऱ्या मुलाची एवढी काळजी वाहणारा सरकारी अहवाल विरळाच. पण ही काळजी कोणाच्या मुलाची, हा प्रश्न विचारल्याबरोबर त्या कागदाचें खरें रूप दिसूं लागतें. ऑक्सफर्डचा तरुण नापास झाला तर त्याचें ग्रीक त्याच्यापाशीं उरे आणि उपयोगीहि पडे. पुण्याचा किंवा कलकत्त्याचा तरुण समुद्र ओलांडून, कर्ज काढून, क्वचित् जातीचा बहिष्कार पत्करून लंडनला गेला आणि नापास झाला, तर त्याच्यापाशीं काय उरे, ह्याचा विचार त्या अहवालांत कोठेंहि नव्हता.

३

कायद्याच्या शब्दांत वंशाचा किंवा धर्माचा अडसर नव्हता. अडसर होता तो आंकड्यांत. ग्रीक आणि लॅटिन मिळून १५००, संस्कृत आणि अरबी मिळून ७५०. ज्या मुलानें लहानपणापासून पंचमहाकाव्यें घोटलीं त्याची विद्या, ज्यानें व्हर्जिल घोटला त्याच्या विद्येच्या बरोबर निम्म्या किंमतीची ठरली. पुढें कांहीं काळ संस्कृत व अरबी ह्यांचे गुण ५०० करण्यांत आले. १८६३ सालीं सत्येंद्रनाथ टागोर हे ह्या परीक्षेंत उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्यांची नेमणूक आपल्याच मुंबई इलाख्यांत झाली. त्यानंतर लवकरच तेच ५०० गुण पुन्हां ३७५ वर आणण्यांत आले. ह्या बदलाचा फटका कोणाला बसला, हें सांगण्यास भाष्यकार नको.

दुसरा अडसर वयाचा. आरंभीं २३ वर्षांपर्यंत परीक्षेस बसतां येई. मग ही मर्यादा २२ झाली, १८६६ मध्यें २१ झाली, आणि १८७८ पासून तर ती १९ वर येऊन ठेपली. इंग्रज मुलाला शाळेंतून निघून परीक्षेस बसण्यास एकोणीस वर्षें पुरीं पडत. पण ज्याची शिक्षणाची भाषाच परकी, आणि परीक्षेचें ठिकाण सहा हजार मैलांवर, त्याला तें दार जवळजवळ बंद झालें. १८६९ च्या परीक्षेंत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. ह्यांपैकीं सुरेंद्रनाथ आणि ठाकूर ह्या दोघांच्या वयाविषयीं शंका काढून त्यांचीं नांवें यादींतून वगळण्यांत आलीं. आपल्याकडे वय सांगतांना 'सोळावें लागलें' असें चालू वर्ष धरून सांगण्याची रीत. विद्यापीठाच्या दप्तरांत सुरेंद्रनाथांचें वय ह्या रीतीनें नोंदलेलें होतें. विलायती हिशेबाला हें समजेना. शेवटीं प्रकरण लंडनच्या न्यायालयांत गेलें, तेव्हां कोठें दोघांचीं नांवें पुन्हां यादींत आलीं. एका भाषेंतील बोलण्याची चाल दुसऱ्या भाषेच्या नियमांत कशी अडकते, ह्याचें हें उदाहरण प्रत्येक उमेदवारानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे : नियमावलीचीं बारीक अक्षरें हींहि अभ्यासक्रमाचाच भाग होत.

तिसरा अडसर स्थळाचा. हीच परीक्षा एकाच वेळीं हिंदुस्थानांतहि घ्यावी, ही मागणी आपल्या राजकारणाच्या पहिल्या पिढीनें जन्मभर लावून धरली. दादाभाई नौरोजी १८९२ मध्यें पार्लमेंटांत निवडून गेले. १८९३ च्या जूनमध्यें कॉमन्स सभेनें ह्या मागणीस अनुकूल ठरावहि केला. पण ठराव कागदावरच राहिला. वयाची मर्यादा मात्र १८९२ पासून पुन्हां २३ झाली. १९१२ मध्यें नेमलेल्या इस्लिंग्टन कमिशनवर गोपाळ कृष्ण गोखले सभासद होते. त्या कमिशनचें काम पुरें होण्यापूर्वींच, १९१५ च्या फेब्रुवारींत ते वारले. अखेर १९२२ सालीं अलाहाबाद येथें ही परीक्षा प्रथम भरली. १८५५ पासून १९२२ पर्यंत सदुसष्ट वर्षें! दोन पिढ्यांची बुद्धि एवढ्या अवधींत दाराबाहेर उभी राहिली.

४

मेकॉलेच्या पारखीनें माणसें कशीं निवडलीं गेलीं, ह्याचा निवाडा मात्र एका शब्दांत करतां येत नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचे संपादक जेम्स कॅम्बेल हे ह्याच नागरी सेवेंतले. त्यांच्या देखरेखीखालीं नगर जिल्ह्याचा खंड १८८४ सालीं प्रसिद्ध झाला; आजहि ह्या जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला त्यांतील पिकें, पेठा, जाती, दुष्काळ आणि देवळें ह्यांची माहिती बाजूला ठेवून चालत नाहीं. परभाषेंत खोल शिरण्याची ज्याला संवय आहे तो परमुलखांतहि खोल शिरूं शकतो, हें मेकॉलेचें म्हणणें अशा कामांत खरें ठरलें.

दुसरी बाजू १८७५ सालची. त्या वर्षीं मे महिन्यांत सुपें येथें सुरू झालेला शेतकऱ्यांचा दंगा पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनीं सावकारांच्या घरांतून कर्जरोखे हिसकावून घेतले आणि जाळले. बहुतेक ठिकाणीं त्यांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कर्जरोख्यावर अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्याचें मन, साऱ्याचा हप्ता आणि सावकाराचें व्याज ह्यांची सांगड, कुळकर्ण्याच्या लेखणींतील सामर्थ्य, ह्यांपैकीं कशाचाहि प्रश्न १८५५ च्या यादींत बसत नव्हता. तें ज्ञान अधिकाऱ्याला नोकरींत शिरल्यावर मिळवावयाचें होतें. कांहींनीं तें मिळविलें, कांहींनीं मिळविलें नाहीं. आणि न मिळविणाऱ्याची किंमत त्याला स्वतःला नव्हे, रयतेला द्यावी लागली.

ह्या दोन बाजूंच्या मधोमध चिंतामणराव देशमुखांचें उदाहरण उभें आहे. रायगडाजवळच्या नाते गांवीं १८९६ मध्यें जन्मलेला हा मुलगा १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिला आला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यानें मिळविली, केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला, आणि १९१८ मध्यें आय. सी. एस. परीक्षेंत सर्वांत वर नांव झळकविलें. पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झालेल्या ह्या गृहस्थांनीं कालिदासाचें मेघदूतहि मराठींत उतरविलें. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पैशाच्या कारभारांत श्रेष्ठ ठरला, ही गोष्ट मेकॉलेच्या तत्त्वाला अनुकूल आहे. परंतु लंडनपर्यंत न पोंचलेले दुसरे किती देशमुख असतील, हा प्रश्न त्याच तत्त्वाला विचारला पाहिजे.

५

परीक्षेनें माणसें निवडण्याची कल्पना मेकॉलेची नव्हे, ती चीनची. तेथें ही पद्धति सुमारें तेराशें वर्षें चालली आणि १९०५ सालीं बंद झाली. तिच्यामुळें कुळाच्या जोरावर नव्हे तर विद्येच्या जोरावर अधिकार मिळावा, हें तत्त्व त्या अवाढव्य देशांत रुजलें. पण उत्तरकाळीं परीक्षेचा निबंध आठ ठराविक भागांत बांधलेला, ठराविक ग्रंथांवरचा, ठराविक शैलीचा होऊन बसला. मग विद्वान् तरुण विद्या शिकण्याऐवजीं निबंधाचा सांचा शिकूं लागले, आणि देशावर परचक्र आलें तेव्हां तो सांचा उपयोगी पडला नाहीं. अभ्यासक्रम वाईट असल्यानें जेवढी हानि होते, तेवढीच तो केवळ सांचा म्हणून वाचल्यानें होते, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशानें परीक्षा ठेवली आणि यादी बदलली. १९५० मध्यें राज्यघटनेबरोबर संघ लोकसेवा आयोग अस्तित्वांत आला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्याबरोबर महाराष्ट्र लोकसेवा आयोग. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या समितीनें १९७६ मध्यें दिलेल्या अहवालाप्रमाणें १९७९ पासून पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत ही तीन पायऱ्यांची रचना आली, आणि मुख्य परीक्षेचीं उत्तरें मराठींतूनहि लिहितां येऊं लागलीं. लॅटिन आधीं आणि मराठी मागाहून, हा १८५५ चा क्रम अशा रीतीनें सव्वाशें वर्षांच्या आंत उलटला. २०११ मध्यें पूर्वपरीक्षेंत आकलन आणि तर्क ह्यांचा पेपर आला. इंग्रजीच्या आणि शहरी शिक्षणाच्या बाजूनें तो कलतो अशी तक्रार झाली, आणि २०१५ पासून तो ३३ टक्के मिळवून केवळ उत्तीर्ण व्हावयाचा राहिला. २०१३ पासून मुख्य परीक्षेंत सामान्य अध्ययनाच्या चार पत्रिका झाल्या. त्यांतील चौथी नीति आणि सचोटी ह्यांची. निबंधाला २५०, ह्या चार पत्रिकांना प्रत्येकीं २५० आणि ऐच्छिक विषयाच्या दोन पत्रिकांना मिळून ५००, असे १७५०, मुलाखतीचे २७५, एकूण २०२५. भाषांच्या दोन पत्रिकांत नुसतें उत्तीर्ण व्हावें लागतें.

राज्याच्या परीक्षेचीहि अशीच हालचाल झाली. २०१२ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुतांशीं पर्याय निवडण्याची, ८०० गुणांची झाली होती. २०२२ मध्यें आयोगानें केंद्राच्या धर्तीवर, सविस्तर उत्तरें लिहिण्याची पद्धति जाहीर केली. जुन्या पद्धतीवर कित्येक वर्षें घालविलेल्या विद्यार्थ्यांनीं पुण्यांत आंदोलन केलें. २०२३ च्या फेब्रुवारींत आयोगानें नवी पद्धति २०२५ पासून लागू करण्याचें ठरविलें. ह्या वादांत विद्यार्थी आळशी होते किंवा आयोग निष्ठुर होता, असें म्हणणें सोपें आहे. पण इतिहास वाचणाऱ्याला त्यांत जुनाच प्रश्न दिसतो. पारख बदलली म्हणजे बदलाच्या उंबरठ्यावर उभी असलेली पिढी भरडली जाते. म्हणून असा बदल पुरेशा आगाऊ सूचनेनेंच व्हावयास हवा. १८७८ मध्यें वय १९ झालें तेव्हांहि एक पिढी अशीच भरडली गेली होती, आणि तिला तर ऐकणारें कोणी नव्हतें.

६

आतां हा आजचा कागद घोडेगांवच्या दृष्टीनें वाचून पाहूं. सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पत्रिकेंत विषय आहेत : निरनिराळ्या भागांतील पिकें, पाटबंधाऱ्यांचे प्रकार, शेतमालाची सांठवण, वाहतूक आणि विक्री व त्यांतील अडचणी, हमीभाव, पशुपालनाचें अर्थशास्त्र, जमीनसुधारणा. दुसऱ्या पत्रिकेंत आहेत : स्थानिक स्वराज्य, स्वयंसहाय्य गट, शिक्षण आणि आरोग्य ह्यांचा कारभार. पहिलींत स्त्रियांचे प्रश्न, लोकसंख्या, दारिद्र्य. ज्या मुलाच्या गांवीं कांद्याचे लिलाव होतात, आणि सकाळचा भाव संध्याकाळीं उतरला म्हणजे घराघरांत काय बोललें जातें हें ज्यानें ऐकलें आहे, त्याला शेतमालाच्या विक्रींतील अडचणी कोणत्या वर्गांत शिकाव्या लागतात? ज्याच्या बाजारांत म्हैस विकून मुलीच्या लग्नाची सोय होते, त्याला पशुपालनाचें अर्थशास्त्र परकें कसें? मुळा धरणाच्या पाटाचें पाणी ज्याच्या तालुक्यांत येतें, आणि टंचाईच्या वर्षीं तेंच पाणी खालीं जायकवाडीला किती सोडावें ह्यावर ज्याच्या जिल्ह्यांत वाद पेटतो, त्याला पाणीवाटपाचा प्रश्न पुस्तकांतून कशाला समजून घ्यावा लागावा?

१८५५ च्या यादींत घोडेगांव कोठेंहि नव्हतें. आजच्या यादींत तें पानोपानीं आहे. दीडशें वर्षांच्या इतिहासांतील हा सर्वांत मोठा फरक. आणि आमच्या समजुतीप्रमाणें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत सर्वांत कमी आलेला फरकहि हाच. कारण होतें असें, कीं घोडेगांवचा मुलगा घोडेगांव सोडून पुण्यास जातो, सदाशिव पेठेंतील अभ्यासिकेंत खुर्ची भाड्यानें घेतो, आणि तेथें बसून, ज्याला कांद्याची खळी ठाऊक नाहीं अशा कोणीतरी लिहिलेल्या टिपणांतून, आपल्याच गांवच्या बाजाराचें वर्णन पाठ करतो. संघ लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेंत असें सांगितलेलें असतें, कीं सामान्य अध्ययनाचे प्रश्न सुशिक्षित मनुष्याला विशेष अभ्यासावांचून सोडवितां येतील अशा बेताचे असतील. त्या वाक्यांत मेकॉलेचा आवाज अजून ऐकूं येतो. आणि त्याच वाक्याच्या छायेंत तरुणांचीं पांच पांच, सात सात वर्षें विशेष अभ्यासांतच जातात.

ह्याचा अर्थ पुस्तकें नकोत, असा नव्हे. घरची ओळख आणि शास्त्रशुद्ध ज्ञान ह्यांत अंतर आहेच. लिलाव पाहिला म्हणजे बाजार समितीचा कायदा कळला असें होत नाहीं, आणि पाट पाहिला म्हणजे पाण्याचें मोजमाप कळलें असेंहि होत नाहीं. परंतु पाहिलेल्या गोष्टीवर चढविलेलें ज्ञान टिकतें, आणि न पाहिलेल्या गोष्टीचें घोकलेलें ज्ञान परीक्षेच्या दालनांतून बाहेर पडतांच गळून पडतें. म्हणून अभ्यासक्रमाचा कागद हातीं आला, कीं विद्यार्थ्यानें पहिल्यानें चार प्रश्न विचारावे. गुण कोठें आहेत, आणि नुसतें उत्तीर्ण होणें कोठें पुरतें? प्रत्येक ओळीपुढें आपल्या गांवांतील कोणती गोष्ट लिहितां येते? त्या गोष्टीमागें कोणता कायदा, कोणती संस्था, कोणता इतिहास आहे? आणि मागील कांहीं वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत ती ओळ कोणत्या रूपानें आली? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें जो स्वतःच्या हातानें लिहील त्याला अभ्यासक्रम समजला असें म्हणावें. बाकीच्यांना तो पाठ झाला, एवढेंच.

घरच्या वडील मंडळींनाहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. राज्याच्या परीक्षेंतून तहसीलदार आणि उपजिल्हाधिकारी निघतात, केंद्राच्या परीक्षेंतून जिल्हाधिकारी. ह्या पदांचें तेज गांवाला स्वाभाविकच मोहिनी घालतें. पण जागा मोजक्या आणि मागणारे अगणित, हें गणित कोणत्याहि शिकवणीनें बदलत नाहीं. बहुतेक मुलें निवडलीं जाणार नाहींत. म्हणून किती वेळां बसावयाचें, कोणत्या वयाला थांबावयाचें आणि थांबल्यावर काय करावयाचें, हें घराण्यानें मुलाला पाठविण्यापूर्वींच त्याच्याशीं मोकळेपणानें बोलून ठरवावें. आयोगानें घातलेली वयाची मर्यादा ही कायद्याची मर्यादा आहे. शहाणपणाची मर्यादा तिच्या पुष्कळ अलीकडे असूं शकते.

मेकॉलेच्या समितीनें नापास होणाऱ्या इंग्रज मुलासाठीं जी काळजी वाहिली, ती आपण आपल्या मुलासाठीं वाहतों का, हा ह्या सर्व इतिहासाच्या शेवटीं उरणारा प्रश्न आहे. कोणत्याहि अभ्यासक्रमाची खरी कसोटी निवडलेल्या थोड्यांवरून लागत नाहीं. न निवडलेल्या पुष्कळांपाशीं काय उरलें ह्यावरून ती लागते. ज्यानें हमीभाव, पाणीवाटप, ग्रामपंचायतीचे अधिकार आणि राज्यघटना हे विषय आपल्या गांवाकडे बोट दाखवून वाचले, तो निवडला न जातां परत आला तरी रिकाम्या हातानें येत नाहीं. ग्रामसभेंत अंदाजपत्रकाचा कागद मागणारा, सोसायटीचा हिशेब तपासणारा, बाजार समितीचा नियम वाचून दाखविणारा एक जाणता मनुष्य गांवाला मिळतो. ज्यानें तेच विषय टिपणांच्या वह्यांतून घोकले, त्याच्यापाशीं वह्यांचा गठ्ठा आणि उतरलेलें वय ह्यांपलीकडे कांहीं उरत नाहीं. कागद दोघांचा एकच होता. वाचन निराळें होतें. इंग्रज समितीला आपल्या नापास मुलासाठीं अभ्यासक्रमच बदलावा लागला. आपल्याला तो बदलावा लागत नाहीं, नीट वाचावा लागतो.